चार आणि आठ : रुग्णालयाचे आकडे वाचताना

मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभा होतो, तेव्हा आपल्या परिचयातील एका आजोबांनी मला हाताला धरून बाजूला घेतले. नात दोन महिन्यांची. हृदयात जन्मतःच दोष आणि शस्त्रक्रिया करावी लागणार हे नक्की झालेले. आजोबा-आजी त्यासाठीच सांगलीहून आले होते. त्यांनी खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला.

"तुम्ही कॉम्प्युटरवाले. आकड्यांत तुमचं डोकं चालतं. सांगा बघू, कुठं जायचं?"

कागदावर सूनबाईंच्या अक्षरात दोन रुग्णालयांची नावे होती, एक जवळचे आणि एक लांबचे. ती नावे येथे देत नाही, आणि आकडेही ओळखू येऊ नयेत म्हणून गोल केले आहेत. लांबच्या रुग्णालयात २५० शस्त्रक्रिया, ४ मृत्यू. जवळच्या रुग्णालयात २५० शस्त्रक्रिया, ८ मृत्यू. आठाच्या आकड्याभोवती दोनदा गोल काढून शेजारी लिहिले होते, 'दुप्पट!' आणि सर्वांत खाली, वेगळ्या शाईत, एकच शब्द : 'ब्रिस्टल?'

लांब जायचे म्हणजे बिनपगारी रजा, भाड्याची खोली आणि मोठ्या मुलाची शाळा बुडणार. पण दुप्पट म्हटल्यावर कोणते आईबाप खर्चाचा विचार करतील? प्लेटमधली चकली तशीच राहिली. मी आजोबांना म्हणालो, "दोन दिवस द्या, नीट बघून सांगतो." त्या दोन दिवसांत जे बघितले आणि मग त्यांच्या घरी जाऊन जे सांगितले, ते आपल्यापैकी इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटले. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी खालच्या शाईतल्या शब्दाविषयी. नव्याने आलेल्या मंडळींना कदाचित माहीत नसेल, पण आपल्या या गावाचे नाव इंग्लंडच्या वैद्यकीय इतिहासात एका दुःखद प्रकरणाशी जोडलेले आहे. १९८४ ते १९९५ या काळात ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीमध्ये लहान मुलांच्या हृदयावर ज्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांची प्रा. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी झाली. जुलै २००१ मध्ये अहवाल आला, त्यात १९८ शिफारशी होत्या. त्याआधी १९९८ साली जनरल मेडिकल कौन्सिलने तीन डॉक्टरांना गंभीर व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले होते. चौकशीचा निष्कर्ष असा, की १९९१ ते १९९५ या काळात ओपन हार्ट शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाखालील जितकी बाळे दगावली, ती येथील विभाग देशातल्या इतर विभागांसारखा असता तर अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा ३० ते ३५ ने जास्त होती.

हे वाचल्यावर पहिला प्रश्न मनात येतो, की इतकी वर्षे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? तर आले होते. डॉ. स्टीफन बॉल्सिन हे भूलतज्ज्ञ १९८८ साली येथे रुजू झाले आणि १९९० पासून शंका बोलून दाखवू लागले. त्यांनी एका सहकाऱ्याच्या मदतीने स्वतः आकडे गोळा केले. पण त्या काळी विभागातून मिळणारी उत्तरे ठराविक होती. आमच्याकडे येणारी मुले जास्त आजारी असतात. नवी शस्त्रक्रिया शिकायला वेळ लागतो. आणि तिसरे, जे मला इंजिनियर म्हणून सर्वांत अस्वस्थ करते : आकडे लहान आहेत, त्यांवरून काही सिद्ध होत नाही.

अस्वस्थ करते, कारण हे तिसरे उत्तर मूर्खपणाचे नाही. लहान आकड्यांवरून खरोखरच फारसे सिद्ध होत नाही. मग आकडा किती मोठा झाला म्हणजे सिद्ध होते? दुर्दैव कुठे संपते आणि दोष कुठे सुरू होतो? या प्रश्नाला संख्याशास्त्रात नेमके उत्तर आहे आणि त्याचे नाव स्टँडर्ड एरर. मराठीत त्याला प्रमाण त्रुटी म्हणतात.

खरे सांगायचे तर इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हा विषय मी 'अपेक्षित प्रश्नसंच' वाचून पास झालो. सूत्र पाठ होते, पण ही त्रुटी कोणाची हे मला कधीच कळले नाही. मोजणाऱ्याची? यंत्राची? कोणाचीच नाही. नाव मोठे फसवे आहे. सगळ्यांनी सगळे अचूक मोजले तरी ती राहतेच.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. एक शीत चेपून पाहिले की भात झाला की नाही ते कळते, कारण पातेल्यातली शिते जवळपास सारखीच शिजलेली असतात. माणसांचे तसे नसते. आता असे समजा, की तांदळात कुठेकुठे खडे आहेत, शंभर दाण्यांत अकरा. मूठ भरून १४३ दाणे काढले तर खडे किती निघतील? सरासरीने सोळा. पण प्रत्येक मुठीत सोळाच निघतील का? कधी तेरा, कधी अठरा, क्वचित बावीस. तांदूळ तोच, मूठ तीच, तरी आकडा हलतो. अशा हजारो मुठी काढून प्रत्येक मुठीतले खडे नोंदवत गेलो, की कोणता आकडा किती वेळा येतो याचे एक चित्र तयार होते. त्या चित्राला सँपलिंग डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे नमुना-वितरण म्हणतात. आणि सरासरीच्या आजूबाजूला हा आकडा साधारणपणे किती हलतो, त्या हलण्याचे माप म्हणजे स्टँडर्ड एरर. पुस्तकात हे दोन शब्द चाळीस पाने घेतात.

अकरा आणि १४३ हे आकडे मी उगीच घेतलेले नाहीत. चौकशीसाठी प्रा. डेव्हिड स्पीगलहॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे विश्लेषण केले, त्यात रुग्णालयांच्या सरकारी नोंदींप्रमाणे १९९१ ते १९९५ या काळात ब्रिस्टलला एक वर्षाखालील बाळांच्या १४३ ओपन हार्ट शस्त्रक्रिया झालेल्या दिसतात. इंग्लंडमधील इतर अकरा केंद्रांचा एकत्रित मृत्युदर होता शेकडा ११.

त्या रात्री मी दहा-बारा ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. कॉम्प्युटरला सांगितले : एक काल्पनिक रुग्णालय घे, इतरांइतकेच चांगले, तिथे प्रत्येक बाळाला धोका शंभरात अकरा. १४३ बाळे पाठव आणि किती दगावली ते सांग. हे दहा हजार वेळा कर. म्हणजे दहा हजार ब्रिस्टल, सगळी निर्दोष. चहा होईपर्यंत उत्तर आले. बहुतेक वेळा आकडा बारा ते वीसच्या दरम्यान. शंभरातल्या साधारण पंच्याण्णव वेळा आठ ते चोवीसच्या आत. दहा हजारांतला सर्वांत वाईट आकडा तिशीच्या आसपास.

प्रत्यक्ष ब्रिस्टलचा आकडा होता ४१.

मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिलो. तो त्या चित्रावर कुठे नव्हताच, कागदाच्या बाहेर होता. रोजच्या कामात प्रोग्रामचे उत्तर चुकले तर दुरुस्त करतो. येथे चुकलेले काहीच नव्हते आणि प्रत्येक एककाला एक नाव होते.

प्रोग्राम लिहायची गरज आहे असे मात्र नाही. कागद-पेन्सिलीने होणारी एक युक्ती सांगतो. घटना तुलनेने विरळ असेल, तर अपेक्षित आकड्याचे वर्गमूळ काढावे. तोच जवळपास त्याचा स्टँडर्ड एरर. सोळाचे वर्गमूळ चार (काटेकोर सूत्राने पावणेचार येते, पण आपल्याला चालेल). अपेक्षित आकड्याच्या दोन्ही बाजूंना या वर्गमुळाची दुप्पट अंतर सोडले, की नशिबाचे अंगण आखून होते. सोळातून आठ वजा म्हणजे आठ, सोळात आठ मिळवले म्हणजे चोवीस. कॉम्प्युटरने दिलेलेच उत्तर. एक्केचाळीस हा आकडा सोळापासून सहा स्टँडर्ड एररपेक्षाही दूर आहे. हे अंगणाबाहेर नाही, गावाबाहेर आहे.

आता पुन्हा त्या तिसऱ्या उत्तराकडे येऊ. वर्षभराचे नाही, चार वर्षांचे नाही, एखाद्या विशिष्ट अवघड शस्त्रक्रियेचे फक्त दहा रुग्ण डोळ्यांसमोर आहेत असे धरा. इतरांइतक्याच चांगल्या रुग्णालयातही, जिथे धोका शंभरात अकरा आहे, दहात तीन किंवा अधिक बाळे दगावण्याची शक्यता शंभरात नऊ. म्हणजे निव्वळ दुर्दैवाने तीस टक्के मृत्युदर दिसू शकतो आणि बिचाऱ्या सर्जनवर आळ येऊ शकतो. पण हिशेब उलट बाजूनेही करायला हवा, आणि तो फारसा कोणी करत नाही. जिथे खरा धोका शंभरात एकोणतीस आहे अशा रुग्णालयात दहा बाळांपैकी एकच दगावले किंवा एकही नाही, असे घडण्याची शक्यता सहात एक. म्हणजे खरोखर वाईट विभागाची एखादी तुकडी अगदी छान दिसते. तेव्हा मधूनमधून चांगले निकाल येत राहतात आणि प्रत्येक जण मनाशी म्हणतो, 'बघा, सुधारते आहे.' 'आकडे लहान आहेत' या वाक्याचा अर्थ 'म्हणून सर्व ठीक आहे' असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की अजून कळलेले नाही, आणखी आकडे जमवा.

आणि जमवायचे किती, तर येथे वर्गमूळ आपल्याला रडवते. १४३ बाळांच्या गटात शंभरात अकरा या दराचा स्टँडर्ड एरर सुमारे २.६ टक्के. ३६ बाळांच्या गटात, म्हणजे साधारण एका वर्षाच्या कामात, ५.२ टक्के. माहिती चौपट केली तर अनिश्चितता निम्मी होते, चतुर्थांश नाही. एका वर्षाच्या आकड्यांवर सामान्य रुग्णालयाचा दर एक टक्का ते एकवीस टक्के यांत कुठेही पडू शकतो. इतक्या रुंद दारातून बरेच काही आत-बाहेर जाते. केनेडी अहवालात म्हटले आहे, की १९८८ ते १९९४ या सात वर्षांपैकी पाच वर्षांत एक वर्षाखालील बाळांचा ब्रिस्टलमधील मृत्युदर इतरत्रच्या सुमारे दुप्पट होता. प्रत्येक वर्ष सुटे पाहिले तर वाद घालता आला असता. सात वर्षे एकाखाली एक लिहिली तर नाही.

सूनबाईंचा एक प्रश्न फार चांगला होता. "दादा, बारा रुग्णालयं आहेत म्हटल्यावर कुणीतरी शेवटचं असणारच ना? मग शेवटच्याला फाशी का?" अगदी बरोबर. बाराही रुग्णालये तंतोतंत सारखी असली तरी यादीत कोणीतरी तळाला जाणारच, जसे वर्गात सगळी मुले हुशार असली तरी शेवटचा नंबर कोणाचा तरी येतोच. शिवाय दुप्पट स्टँडर्ड एररची रेघ वीसपैकी एका निर्दोष रुग्णालयाला नुसत्या नशिबाने बाहेर टाकते. बारा रुग्णालये एकदम तपासली तर निदान एक तरी रेघेबाहेर दिसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. म्हणून जाणकार क्रमांकाची यादी करत नाहीत. ते नरसाळ्यासारखा आलेख काढतात. आडव्या बाजूला शस्त्रक्रियांची संख्या, उभ्या बाजूला मृत्युदर, मधोमध राष्ट्रीय सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना रेघा, ज्या लहान रुग्णालयांपाशी दूर असतात आणि मोठ्या रुग्णालयांपाशी जवळ येत जातात. आत दोन स्टँडर्ड एररच्या, बाहेर तीनच्या. बहुतेक ठिपके नरसाळ्यात पडतात आणि त्यांच्यातला वर-खालीपणा वाचण्यात काही अर्थ नसतो. १९९१ ते १९९५ च्या आलेखात ब्रिस्टलचा ठिपका नरसाळ्याच्या बराच वर एकटा दिसतो.

येथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण अर्धवट ज्ञानाने घात होतो. स्टँडर्ड एरर फक्त नशिबाचे माप आहे. मोजण्याची पद्धतच वाकडी असेल तर तो काही सांगत नाही. याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच एका माणसाने दिले आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला आले आणि पुढे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ झाले. पिकाचा अंदाज काढण्यासाठी शेतातला छोटा तुकडा कापून धान्य तोलतात. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवले, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्तच दिसते, कारण कापणाऱ्याचा हात हद्दीवरची रोपे आत ओढतो. असे हजार तुकडे कापले तर स्टँडर्ड एरर नगण्य होईल, आणि उत्तर हजारदा चुकीचे येईल. हे पाहायला त्यांना बांधावर उभे राहावे लागले, सूत्रात ते नव्हते.

रुग्णालयांच्या बाबतीत ही बांधावरची रोपे म्हणजे कोणते बाळ किती आजारी होते आणि कोणाची नोंद राहून गेली. ब्रिस्टलच्या विश्लेषणात म्हणूनच शस्त्रक्रियांचे प्रकारवार गट पाडून तुलना केली गेली, आणि सर्जनांची स्वतःची नोंदवही व सरकारी नोंदी असे दोन स्वतंत्र स्रोत तपासले गेले. दोन्हींनी एकच कहाणी सांगितली. याच्या उलट घडले ते लीड्सला. मार्च २०१३ च्या अखेरीस तेथील मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया प्राथमिक आकडे पाहून तातडीने थांबवण्यात आल्या. मग लक्षात आले, की पाठवलेली माहितीच अपुरी होती. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्या. मधल्या दिवसांत तेथल्या आईबापांचे काय झाले असेल याची कल्पना करवत नाही. ब्रिस्टलमध्ये भोंगा वाजायला उशीर झाला, लीड्समध्ये तो उगीच वाजला. भोंग्याची रेघ कुठे आखायची हा शेवटी माणसांचा निर्णय आहे. माझे मत विचाराल तर मुलांच्या बाबतीत लवकर वाजून चौकशी झालेली बरी, पण चौकशी म्हणजे निकाल नव्हे.

तर कागदावरच्या चार आणि आठकडे येऊ. दोन्ही रुग्णालये मिळून ५०० शस्त्रक्रियांत १२ मृत्यू, म्हणजे दोन्ही सारखीच असती तर प्रत्येकी सहा अपेक्षित. सहाचे वर्गमूळ सुमारे अडीच, त्याची दुप्पट पाच. नशिबाचे अंगण एक ते अकरा. चारही आत, आठही आत. मी आजोबांसमोर हे वहीच्या पाठकोऱ्या कागदावर मांडले. ते पाटबंधारे खात्यात होते, त्यांना पावसाचे उदाहरण चटकन पटले. एका वर्षी धरण भरले नाही म्हणून धरण चुकीच्या जागी बांधले असे कोणी म्हणत नाही. पण सूनबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही सारखी आहेत असं सिद्ध झालं का?"

नाही, तसेही सिद्ध झालेले नाही. लांबचे रुग्णालय खरोखर थोडे चांगले असू शकेल. या आकड्यांवरून ते कळत नाही, एवढेच. हे सांगताना मला वाईट वाटले, कारण त्यांना उत्तर हवे होते आणि माझ्याकडे फक्त अनिश्चिततेचे माप होते. पण 'दुप्पट' हा शब्द त्यांनी त्यांच्याच हाताने खोडला.

आणि तो दुसऱ्या शाईतला प्रश्न? १९९१ ते १९९५ मध्ये एक वर्षाखालील बाळांच्या ओपन हार्ट शस्त्रक्रियांत ब्रिस्टलचा मृत्युदर शेकडा २९ होता, आणि नमुन्याची अनिश्चितता धरून २१ ते ३७. पुढे १९९९ ते २००२ या काळात तोच दर शेकडा ३ वर आला, अनिश्चितता धरून १ ते ६. सर्व केंद्रांची सरासरी तेवढ्याच काळात १२ वरून ४ वर आली होती. मुलांचे नवे रुग्णालय २००१ साली सुरू झाले. अप्पर मॉडलिन स्ट्रीटवरून जाताना त्याची रंगीत इमारत आपण सर्वांनीच पाहिली आहे. आता देशभरात मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर महिनाभराने शंभरातली सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुले हयात असतात.

२०१६ पासून पालकांसाठी एक संकेतस्थळही आहे, 'चिल्ड्रन्स हार्ट सर्जरी डॉट इन्फो' या नावाचे. ते तयार करण्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रा. क्रिस्टिना पेजल आणि स्पीगलहॉल्टर यांचा सहभाग होता. त्यात प्रत्येक रुग्णालयासमोर नुसता दर नसतो, तर तेथील मुले किती आजारी होती हे लक्षात घेऊन अपेक्षित असलेला पट्टा दिलेला असतो आणि प्रत्यक्ष ठिपका त्या पट्ट्यात आहे की बाहेर ते दिसते. रुग्णालयांची आपापसांत तुलना करू नका असेही तेथे स्पष्ट बजावले आहे. सूनबाईंनी दोन्ही नावे काढून पाहिली. दोन्ही ठिपके आपापल्या पट्ट्यात होते.

मग आम्ही मिळून सर्जनना विचारायचे प्रश्न लिहून काढले. या विशिष्ट दोषासाठी येथे वर्षाला किती शस्त्रक्रिया होतात? मृत्यूचा आकडा किती वर्षांचा आहे? आमच्या बाळासारखी कमी वजनाची बाळे त्यांत होती का? शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री अतिदक्षता विभागात कोण असते? शेवटचा प्रश्न आजींचा. त्याचा संख्याशास्त्राशी काही संबंध नव्हता, पण यादीत तो पहिला घातला. येथे डॉक्टरांना असे विचारणे उद्धटपणाचे समजत नाहीत. आपल्याला संकोच वाटतो, तो मात्र गावाकडून सोबत आणलेला असतो. त्यांना उत्तरे मिळाली, अर्धा तास बसून मिळाली, आणि त्यांनी जवळचे रुग्णालय निवडले.

तो प्रोग्राम अगदी छोटा आहे. दहावी-अकरावीतल्या कोणा मुलाला चालवून पाहायचा असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला गाठावे. आकडे बदलायची जागा वरच्या दोन ओळींत आहे.